उसना नवरदेव

एसटीत चढायच्या आधी ड्रायव्हरच्या खिडकीशी उभं राहून "रात्री झोप झाली का नीट?" असं विचारणारा माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. ड्रायव्हर 'झाली' म्हणाला तरी जनूभाऊ त्याचे डोळे निरखून बघायचे. जरा लाल दिसले की छत्री काखेत मारून मागं फिरायचे. "जाऊ दे ही गाडी. नाय होनार काय, पन झालंच तर?" मग सापगावाहून शहापूरपर्यंत पायी, आणि बाजार करून परत पायी. कंडक्टर लोक लांबूनच ओरडायचे, "चढा जनूभाऊ, आज सायेब रातभर घोरत व्हता!" तरी हे आपले चालत.

माझी पिठाची गिरणी आहे. तिच्या घरघरीवरून बोलून बोलून माझा आवाज मोठा झालाय आणि तोंड फटकळ, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. जनूभाऊ दळण घेऊन आले की डबा दारातच ठेवायचे आणि दोन हात लांब उभे राहायचे. "वैनी, पट्टा तुटलाच तर?" मी म्हणायची, "तुटला तर आधी मला लागेल. तुम्ही कशाला घाबरता?" त्यावर त्यांचा चेहरा असा पडायचा की मीच मनात म्हणायची, मेलं, उगाच बोलले. लग्नात ते मांडवाच्या कडेला बसणार. नारळाच्या झाडाखालून जाणार नाहीत. बनियनला आतून नाव-गाव दोऱ्यानं शिवलेलं, ते पारूताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. हरवलोच तर! अहो, सापगावात हरवायला गल्ल्या आहेत किती?

नोकरी कालव्यावर चौकीदाराची. जन्मभर कालव्याच्या कडेनं चालले, पण आधी काठी गवतावर आपटणार, मगच पाऊल टाकणार. कल्याणच्या पुढं कधी गेले नव्हते. असा हा माणूस रिटायर झाल्यावर एके दुपारी गिरणीच्या दारात येऊन म्हणाला, "वैनी, मी नेपाळात चाललो. मुक्तिनाथला. एकटा, पायी."

मी गिरणी बंद केली आणि त्यांना पाणी दिलं.

या खुळाचं मूळ त्यांच्या अंगणातल्या तुळशीत होतं. ती तुळस कुंदाची. कुंदा त्यांची एकुलती एक पोर, सातवीत असताना गेली. कशी गेली ते सांगते पुढं, आत्ता नको. तुळशीचं रोप तिनंच लावलेलं. ती गेल्यावर त्या वर्षापासून जनूभाऊ-पारूताईंनी कार्तिकात तुळशीचं लग्न लावायला सुरुवात केली. तसं ते घरोघर लागतं, ऊस, आवळा, चिंच, चुरमुरे, दहा मिनिटांत आटोपतं. यांच्याकडं मात्र खरंखुरं लग्न. तुळशीला नवी साडी, हिरव्या बांगड्या, वर मुंडावळ्या. दोघं उपरण्याला गाठ मारून पाटावर बसायची आणि कन्यादान करायची. पारूताईंचे डोळे पुसायला मीच शेजारी बसायची.

नवरदेव मात्र उसना. त्यांच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण नव्हता, म्हणून आमचा पितळी बाळकृष्ण न्यायचे. मी म्हणायची, "अहो, एक विकत घ्या की." तर म्हणायचे, "जावई काय बाजारात घेतात?" दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेव चिंचेनं घासून-पुसून लख्ख करून परत.

पण मनात ते टोचत असणार. एकदा म्हशाच्या जत्रेत, बैलबाजाराच्या पलीकडं, एका जटावाल्या बाबानं त्यांच्या हातात काळा तुकतुकीत दगड ठेवला. साक्षात शाळिग्राम, म्हणाला. पुढचे दहा महिने तो दगड रेशमी कापडात. लग्नाच्या दिवशी सगळा गाव अंगणात, भटजी अंतरपाट धरून उभे, आणि जनूभाऊंनी नवरदेवाला आंघोळ घातली. काय सांगू, नवरदेवाचा रंगच गेला! ताम्हनात काळं पाणी आणि आत पांढरट गोटा. पोरंटोरं खिदळायला लागली. मला आधी हसू आलं आणि मग जनूभाऊंच्या तोंडाकडं बघवेना. मी धावत घरी जाऊन आमचा बाळकृष्ण आणला, तेव्हा कुठं मंगलाष्टकं सुरू झाली.

भटजी प्रसाद खाता खाता सहज बोलून गेले, की खरा शाळिग्राम एकाच नदीत, नेपाळात गंडकीला. मुक्तिनाथच्या वाटेवर नदीच्या पात्रात मिळतो, पण शेवटची मोटार सुटली की पुढं डोंगरातून कित्येक दिवस पायी. बोलणारा बोलून गेला. जनूभाऊंनी ते धरलं.

"पोरगी आपली, तर नवरा बघाया बापानं जायाला नको?" ते मला म्हणाले. "आनि चालायचं काय, चालतोच हाय."

"मग एकटे कशाला? यात्रा कंपन्या नेतात. पारूताईंना घ्या."

"नको. सोबत मानूस नेला नि त्याला काय झालंच तर? तोंड कुनाला दाखवू?"

झालं, तयारी सुरू. परदेश म्हणजे पासपोर्ट लागणार म्हणून आधी धसका. नेपाळला लागत नाही असं कळल्यावर त्याहून मोठा धसका. "कागूदच नाय म्हनता? मग मी तिकडं मेलोच तर आपला कोन म्हनंल?" मी म्हटलं, "बनियन आहे ना." त्यांना ते पटलं.

तिकडं परक्याच्या घरात निजावं लागतं, त्याची सवय करायला हे मुरबाडाहून टोकावड्याच्या रस्त्यानं चालत निघाले. तिथं मालकाच्या परवानगीनं एका धाब्याच्या पडवीत मुक्काम. निजायच्या आधी यांनी त्याला विचारलं, "वाशांना वाळवी नाय ना?" मालकानं कंदील हातात दिला आणि म्हणाला, "बगा बाबा तुमीच, एकेक वासा बगा." यांनी खरंच बघितला. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर मला खुशीत सांगितलं, "छप्पर नाय पडलं, वैनी."

हसायची गोष्ट खरी, पण मी जवळून बघत होते. माणूस आतून पोखरला होता. जेवताना हात थांबायचा. अंगणात बसल्या बसल्या पाय हलायचा. पारूताई म्हणायच्या, "शोभा, झोपंत दचकतात गो. नको वाटतं मला हे जानं." जायचंही होतं आणि जाववतही नव्हतं, अशा कात्रीत तो माणूस सापडला होता.

त्यांचं धैर्य मी दळणावर मोजायची. जायचं ठरलं की सातूचं नि कुळथाचं दळण यायचं, वाटेत खायला. मी बारीक दळून द्यायची. चार दिवसांनी पारूताईंच्या घरातून पिठल्याचा वास आला की समजायचं, बेत रद्द. एकदा पोटात दुखलं म्हणून रद्द. एकदा निघायच्या दिवशी मांजर ओरडलं म्हणून रद्द. असं करत दोन वर्षं आम्ही शेजारी-पाजारी त्या यात्रेचं पिठलंच खात होतो.

नवरात्र उठलं आणि पुन्हा कुळीथ घेऊन दारात हजर. माझं डोकं फिरलं. लाइट सारखी जात होती, दळणं तुंबलेली. मी म्हटलं, "जनूभाऊ, जायचं असेल तर दळते. पिठलं करायचं असेल तर घेऊन जा घरी. देवाच्या नावाची चेष्टा पुरे झाली आता!"

माणूस मटकन गोणीवर बसला. गिरणीच्या इतक्या जवळ ते कधीच आले नव्हते. मागून पारूताई डाळ घेऊन आलेल्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"मला मरायाचं भ्या नाय, वैनी," ते म्हणाले. "मी तिकडं, नि ही हितं एकटी. हिला काय झालंच तर? दुसऱ्यांदा मी... दुसऱ्यांदा मला नाय सोसनार."

आता सांगते. भाद्रपदात कालव्याच्या कडेनं कमरेएवढं गवत वाढतं. कुंदा शाळा सुटल्यावर बापाची भाकरी घेऊन त्या वाटेनं जायची. त्या दिवशी पारूताईंनी सकाळी नवऱ्याला म्हटलं होतं, गवत लई झालंय, आज पोरीला नको पाठवायला, तुमीच या जेवायला. जनूभाऊ तेव्हा वेगळेच होते. पुरात उड्या मारणारे, एसटीच्या टपावर बसून म्हशाला जाणारे. हसून म्हणाले, "कै नाय होत गो! येऊ दे तिला." मण्यार चावली. शहापूरच्या दवाखान्यापर्यंत ते तिला खांद्यावर घेऊन धावले, पण उपयोग झाला नाही. तेव्हापासून 'कै नाय होत' हे शब्द त्या घरात कुणी उच्चारले नव्हते, आणि त्यांच्या जागी ते 'झालंच तर' येऊन बसलं होतं.

पारूताई पुढं आल्या. डाळीचा डबा माझ्या हातात दिला. मग नवऱ्याच्या समोर उकिडव्या बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जावा तुमी. कै नाय होत."

जनूभाऊंनी असं बघितलं तिच्याकडं, की मी तोंड फिरवलं. गिरणीत उभी होते तरी मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते उठले, कुळथाचा डबा उचलून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "बारीक दळा, वैनी."

तिसऱ्या दिवशी निघाले. पारूताईंनी हातावर दही घातलं. पाठीला पिशवी, काखेत छत्री, हातात तीच काठी. स्टँडवर ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले, क्षणभर थांबले, आणि काही न विचारता गाडीत चढले. ड्रायव्हरच बिचारा ओरडला, "अवो जनूभाऊ, झोप झालीय माजी!"

आमच्या गिरणीत फोन होता. गोरखपूरहून एकदा आला, सरहद्द ओलांडल्यावर एकदा, आणि पोखऱ्याहून शेवटचा. "उद्यापासून डोंगार. पारू बरी हाय ना?" त्यानंतर काही नाही. पारूताई रोज दुपारी निवडायला तांदूळ घेऊन गिरणीत येऊन बसायच्या. फोनकडं बघायच्या नाहीत, पण वाजला की हात थांबायचे. एकदा मी म्हटलं, "काळजी नको करू, येतील." तर म्हणाल्या, "मी पाठवलंय गो त्यांना. आता माझी पाळी." मी चहा टाकला.

दिवाळी गेली, भातं कापून झाली. एकादशीला संध्याकाळी जनूभाऊ परत आले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, चेहरा उन्हानं रापलेला, पण चाल सरळ. सगळा गाव जमला. पुढच्याच संध्याकाळी लग्न. जो तो म्हणतोय, दाखवा जनूभाऊ, जावई दाखवा! ते नुसते हसले आणि आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीत आले. पट्ट्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "वैनी, बाळकृष्ण द्याल का? दरसालसारखा."

"म्हणजे? मिळाला नाही?"

"मिळाला की. नदीत गुडघाभर पान्यात उभा राहून काढला. काळाभोर. वर चक्राची खूण. रंग नाय गेला त्याचा, लई घासला मी." त्यांनी ओंजळ धरून दाखवली, रिकामीच. "चांगला हाय पोरगा. नाव ठेवाया जागा नाय. दोन दिवस खिशात घेऊन उतरत होतो. लई खुश होतो, वैनी. लटकता पूल आला तर त्यावरून गात गात गेलो."

"मग?"

"मग एका घरी मुक्कामाला लगीन होतं. सकाळी पोरगी सासरी निघाली. बाप तिचा दारात उभा. तवा माझ्या ध्यानात आलं." त्यांचा आवाज खाली गेला. "तुमचा बाळकृष्ण सकाळी परत जातो. पोर माझ्या अंगनात ऱ्हाते. हा खरा नवरा. हा आनला नि लगीन खरंच लागलंच तर? मग ती त्याची. मग माझ्या दारात ती पाहुनी. नाय, वैनी. एवढं चालत गेलो, पन पोर नाय देता येत मला. परत गेलो नदीवर नि सोडला त्याला पान्यात. माफी मागितली त्याची."

मी घरात गेले, बाळकृष्ण काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"उद्या सकाळी परत देतो हां," ते म्हणाले.

"सावकाश द्या."

"नाय नाय. सकाळीच."

ते अंगण ओलांडून गेले. काठी गिरणीच्या दाराशी विसरली होती. समोर पारूताई तुळशीला हिरव्या बांगड्या चढवत होत्या, एकेक, फांदी दुखू नये अशा बेतानं. रिकामी गिरणी चालवू नये, दगड खराब होतात. पण दारात पोरंटोरं ऊस मागायला जमली होती आणि माझं रडू त्यांना ऐकू जायला नको होतं, म्हणून मी दळण नसताना बटण दाबलं.