पाव्हणं, पब्लिक ऐकवा

बबनआप्पा विनोद ऐकत नाहीत. विनोद झाल्यावर लोक हसतात ना, तेवढंच ऐकतात.

तुम्हाला याची गंमत वाटली असेल. मलाही पहिल्या दिवशी वाटली होती. पण रोज संध्याकाळी तुमच्या ओट्यावर, तुमच्याच खुर्चीत, तुमचाच मोबाइल कानाशी धरून एक गृहस्थ बसले आहेत, पडद्यावरच्या पोरानं तोंड उघडलं की "ह्ये पुढं ढकला" म्हणताहेत आणि लोक हसायला लागले की डोळे मिटून मान तिरकी करताहेत, असं महिनाभर चाललं की सगळी गंमत जिरते.

"पाव्हणं, पब्लिक ऐकवा."

हे त्यांचं पालुपद. पाव्हणा म्हणजे मी. शिरूरच्या कडेला आम्ही घर बांधलं त्याला तीन वर्षं झाली. घरपट्टी माझ्या नावावर येते, सणसवाडीच्या कारखान्यात हिशेब तपासायला मी रोज इथूनच जातो, पण शेजारच्या आप्पांच्या लेखी मी अजून पाव्हणाच.

आप्पांची घोड नदीकडेला शेवंतीची शेती आहे. साठी उलटली आहे, डोक्याला टोपी आणि पायात मुलानं बंगळुरूहून पाठवलेले पांढरेशुभ्र बूट. कुठलीही वस्तू निवडताना वस्तूकडे बघायचं नाही, तिनं माणसाचं काय झालंय ते बघायचं, हा त्यांचा बाणा. हॉटेलात शिरण्याआधी ते दारात उभे राहतात आणि जेवून बाहेर पडणारा माणूस पोटावरून हात फिरवतोय का खिशावरून, ते बघतात. काही होत नसताना नव्या डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन पेशंटांना "किती वेळा यावं लागलं?" म्हणून विचारतात. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाशी चकार शब्द बोलले नाहीत. त्या घरातलं कुत्रं मुलाला बघून शेपूट हलवतं का, तेवढं पाहिलं. त्यानं हलवलं, लग्न झालं, आणि मुलगी सुखात आहे. त्यामुळं त्यावर मला काही बोलताही येत नाही.

चूक माझीच. पुण्यात कला महोत्सव भरणार होता. नाटक, गाणं, चित्रं आणि शनिवार-रविवार दिवसभर वेगवेगळ्या सभागृहांत स्टँड-अप कॉमेडी. आमच्या मुलीनं पुण्याहून वेळापत्रक पाठवलं आणि मी ते ओट्यावर बसून बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचायची काही गरज नव्हती. सुनीताला डोळे आहेत.

"आम्हीबी येतो," कुंपणापलीकडून आवाज आला. "मी आन् ही."

'ही' म्हणजे इंदूकाकी. एखादी बाई गंभीर असते, पण काकी म्हणजे कहर. तीन वर्षांत मी त्यांना ओठ विलग करून हसताना पाहिलं नव्हतं. मी कारखान्यात जरा गोष्टीवेल्हाळ म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या एका साहेबानं चालू मोटारीत चावी शोधली होती, तो किस्सा सांगितला की कँटीनमध्ये लोक ताटं बाजूला ठेवतात. तोच किस्सा मी काकींना रंगवून सांगितला, तर त्या ऐन मोक्याला उठल्या. "दूध ठिवलंय गॅसवर," म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लावल्याचा आवाज आला. असं एकदा नव्हे, दर वेळी. मी तोंड उघडलं की यांचं दूध उतू जायचं. शेवटी मी समजून चुकलो की बाईंना आपलं तोंड बघवत नाही, आणि विषय सोडून दिला.

आणि त्या बाईंना घेऊन आप्पा हसायच्या कार्यक्रमाला निघाले होते!

"एकच डाव हाय, पाव्हणं," त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "ती आता कुठं कार्यक्रमाला येत न्हाई. लग्नाला न्हाई, हळदी-कुंकवाला न्हाई. एकदा येते म्हणलीय माझ्यासाठी. बरं गेलं तर बरं. बिनसलं तर ही परत उंबरा ओलांडायची न्हाई."

"पण त्यांना झालंय काय?"

"ते राहू द्या. पब्लिक ऐकवा."

मग निवड सुरू झाली. मी नावाजलेल्या कलाकारांपासून सुरुवात केली. पहिल्याचं पब्लिक ऐकून आप्पांनी मान हलवली. "ह्ये नाकातल्या नाकात हसत्यात. ह्यांला हसायचीबी लाज वाटती." दुसऱ्याचं ऐकून म्हणाले, "हे हसत न्हाईत, नुसत्या टाळ्या वाजिवत्यात. शाळेत बक्षीस मिळाल्यागत." तिसऱ्याच्या वेळी त्यांनी चष्मा लावून पडदा जवळ घेतला आणि एकदम मोबाइल माझ्या हातात कोंबला. "ह्यात एकच बाई हसती आन् बाकीची माना वळवून तिच्याकडं बघत्यात. ह्ये तर अजिबात न्हाई! पुसून टाका ह्ये." पुसून काय टाका? तो व्हिडिओ काय माझ्या घरचा होता?

सुनीताला एका मराठी बाईंचा कार्यक्रम बघायचा होता. सासू-सुना, भिशी, मुलांचे क्लास, सगळं आपल्या माहितीतलं. मला वाटलं, काकींनाही हेच रुचेल. पण आप्पांना कळलं की ते सभागृह वातानुकूलित आहे.

"एसीत माणूस अंग चोरून बसतो, पाव्हणं. जो अंग चोरतो तो हसूबी चोरतो."

या सिद्धांतावर विचार करायला त्यांनी दोन दिवस घेतले, तोवर तिकिटं संपली. आप्पांना कोण काय बोलणार? सुनीतानं माझ्याशी बोलणं टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एवढ्यानं भागलं नाही. त्यांनी मला महोत्सवाच्या कार्यालयात फोन लावायला लावला आणि तो हातातून काढून घेतला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, तुम्हाला मराठी शो हवाय की हिंदी?"

"कंचाबी चालंल, ताई. लोकं तोंड उघडून हसत्यात का, तेवढं सांगा."

"सॉरी सर?"

"म्हंजी मागच्या वर्षी जी हसली, ती कशी हसली? दात दिसत हुते का?"

मुलीनं त्यांना थांबायला सांगितलं आणि फोनवर सनई लागली. आप्पा ती शेवटपर्यंत ऐकत बसले. मी कपाळावर हात मारून घेतला.

सरतेशेवटी त्यांनी जे निवडलं ते बघून मी हातच टेकले. नाव कुणी ऐकलेलं नाही असा एक मुलगा. विषय काय, तर इंजिनिअरिंग कॉलेजचं होस्टेल. पण त्याच्या विनोदावर जे हसू फुटलं, ते ट्रॉलीतून पत्रे कोसळावेत तसं होतं. आप्पांनी डोळे उघडले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला होता.

"ह्येची तिकिटं काढा."

"आप्पा, यात बॅकलॉग आहे, वॉर्डन आहे, सबमिशन आहे. काकींना यातलं काय कळणार?"

"कळायचं कशाला पायजे?" ते म्हणाले. "आन् तिकिटं मधली घ्या. चारी बाजूंनी पोरं पायजेत."

रविवारी दुपारी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. सणसवाडीला ट्रकच्या रांगेत अडकलो. मागच्या सीटवर काकी नवी साडी नेसून मुकाट बसल्या होत्या. हातात रुमाल नव्हता, चांगला जाडजूड पंचा होता. मला वाटलं, गाडी लागत असेल.

सभागृह जुनं होतं, वर पंखे गरगरत होते आणि बाहेर पोरांचा नुसता गोंगाट चालला होता. बायका दोघी हात-पाय धुवायला गेल्या आणि माझा बांध फुटला. "आप्पा, महिनाभर तुम्ही माझा जीव खाल्लात. बायको माझ्याशी धड बोलत नाही. ज्या बाईंना हसायचंच नसतं, त्यांच्यासाठी हा एवढा खटाटोप कशाला?"

आप्पा आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघत राहिले.

"कोण म्हणतं हसत न्हाई? तुमी ती चावीची गोष्ट सांगितली, तवा तिला दूध आठवलं. आमच्यात सांजचं दूधच नसतं, पाव्हणं. ती आत जाती, मोरीचं दार लावती, नळ सोडती आन् मग हसती."

दर वेळी ऐकू आलेला तो दाराचा आवाज मला आठवला.

"तिचं हसू लई मोठं हाय. मी तिला बघायला गेल्तो तवा आतल्या खोलीत कुणीतरी हसलं, आन् आमच्या मामाच्या हातनं चहा सांडला. मी तिचं तोंड बघायच्या आधी हो म्हणलो. केडगावाकडं भाचीच्या लग्नात ती अशीच हसली. कुणीतरी मोबाइलवर घेतलं, त्याला गाढवाचा आवाज जोडला आन् दिलं सोडून. सगळ्या पाव्हण्या-रावळ्यांत फिरलं. बाजारात पोरं तिला बघून तसलं वरडायची. तवापासनं नळ. मला इनोद-बिनोद काय नको. हिच्या भवती इतका दंगा पायजे का हिचा आवाज त्यात बुडून जाईल. एकदा मोकळी हसली की तिची भीती मोडंल. एवढंच."

तेवढ्यात बायका आल्या. आम्ही आत गेलो.

आप्पांची निवड चुकली नव्हती, हे मी मान्य करतो. पोरगं मेसच्या आमटीवर बोलायला लागलं आणि सभागृह असं गरजलं की खुर्च्या हादरल्या. काकी पंचा तोंडात धरून बसल्या होत्या. आमटीत डाळ शोधायला पोरं टॉर्च लावतात, इथवर गोष्ट आली तेव्हा तो पंचा जरा खाली आला. पाण्याच्या बादलीच्या किश्श्यापाशी तो मांडीवर आला. आणि मी ते हसू ऐकलं. आधी लांबलचक शीळ, मग श्वास पार बंद, आणि मग बंद पडलेलं इंजिन एकदम सुरू व्हावं तसं धडाधड. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. आप्पांची पाठ स्टेजकडे होती म्हटलं तरी चालेल. ते काकींच्या बाजूला मान तिरकी करून, डोळे मिटून बसले होते.

पण कलाकार म्हणजे शेवटी माणूस. त्याला मध्येच आपली आजी आठवली. आजीला व्हिडिओ कॉल केला की ती फोन कानाला लावते, त्यामुळं आपण कॉलेजात गेल्यापासून आजीचा फक्त कानच पाहिलाय, असं काहीसं. पोरांना हे जुनं असावं. एकही हसलं नाही. सगळं सभागृह चिडीचूप.

आणि त्या शांततेत इंदूकाकी हसल्या. एकट्या. शिळेपासून धडधडीपर्यंत सगळं.

रांगाच्या रांगा मागं वळल्या. पुढच्या एका पोरानं मोबाइल वर केला. काकींना ते दिसलं. हसू मध्येच तुटलं, हात पंचा चाचपायला लागला.

तेवढ्यात आप्पा हसले.

हसले म्हणजे काय? मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं आणि का पाहिलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं. त्यांना हसताच येत नाही. "हा! हा! हा!" असं, एकेक अक्षर सुटं, शेताच्या बांधावरून कुणाला हाका माराव्यात तेवढ्या जोरानं. आजीचा कान त्यांना कळलाही नसणार, कारण तेही फोन कानालाच लावतात. पण ते उभे राहिले आणि छाती फुगवून हसत राहिले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. तो मोबाइलही वळला. "घे, नीट घे!" असं त्या पोराला सांगून ते पुन्हा हसले.

"थँक यू, काका," स्टेजवरचा मुलगा म्हणाला. "तुम्ही दोघं माझ्या प्रत्येक शोला या."

यावर मात्र सभागृह फुटलं. काकी नवऱ्याकडे तोंड वासून बघत होत्या. मग पंचा खाली पडला आणि त्या अशा हसल्या, अशा हसल्या की सुनीताला त्यांची पाठ चोळावी लागली. मला भरून आलं. त्या माणसाचा मला महिनाभर राग राग आला होता, आणि आता त्याच्याकडे बघवत नव्हतं.

परतीच्या वाटेवर काकी म्हणाल्या, "काय वो ते हसणं! म्हशीला ठसका लागल्यागत."

"जमंल तसं हसलो," आप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली होती. निदान आज उशिरा उठू, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. पण भल्या सकाळी शेजारच्या अंगणातून असा काही गडगडाट झाला की मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. काकी अंगण झाडत होत्या. मोरीत नव्हे, अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्या रस्त्यासमोर.

"आवो, दाखवा की परत. काल हसला तसं," त्या म्हणत होत्या.

"आता सकाळच्या पारी?"

"एकदाच."

सुनीता खिडकीशी गेली. "लावून घेऊ का? तुमची झोपमोड होतेय."

"थांब जरा," मी म्हणालो. "आप्पा घसा साफ करतायत."