वसंताची नवी डिस्क

आमचा शेजारी वसंता कॉम्प्युटरचं एंटर बटण दाबण्याआधी "हात काढा" म्हणून ओरडतो, आणि खोलीत असेल त्याने दोन्ही हात वर करायचे असतात. पोस्टमन असला तरी. एकदा माझी बायको चहा घेऊन आली.

"भावजी, चहा सांडेल."

"सांडू दे वहिनी. बोटां रवतली."

हसू नका. गिरणीत साचा, म्हणजे माग, चालू करताना अशीच हाळी द्यायची, कुणाचा हात आत नाही ना म्हणून. आम्ही दोघे एकाच खात्यातले साचेवाले. संपानंतर गेट उघडलं, पण आमच्यासाठी नाही. मी भायखळ्याला भाजीच्या गाळ्यावर हमाली केली. वसंता दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासवर वॉचमन झाला आणि काचेतून बघून बघून शिकला. शाळा त्याची चौथी, माझी दुसरी. त्यामुळे कुणी शिकवायला आलेलं दोघांनाही खपत नाही.

माऊस तो वापरत नाही. काळ्या पडद्यावर एकेक अक्षर शोधून टाइप करतो. म्हणतो, "बोट दाखवून काय मागायचं? जन्मभर दुसऱ्याचे हुकूम ऐकले. आता मी देतो."

त्याची बायको गेली, आता तो एकटाच आहे. मुलगा सुनील लग्न झाल्यावर म्हणाला, दहा बाय बाराच्या खोलीत मध्ये प्लाय ठोकू. वसंता म्हणाला, "माझ्या घरात भिंत नाय." सुनील नालासोपाऱ्याला गेला. एकदा गणपतीत आला, बापाच्या कॉम्प्युटरवर नातवाचे फोटो टाकून दिले, आणि निघताना पुन्हा तेच भांडण निघालं. त्यानंतर आला नाही. वसंता रोज दुपारी ते फोटो बघायचा. कुणी विचारलं तर, "मशीन चालतं का तपासतोय."

फोटो होते ती डिस्क कटकट करायला लागली. तशी मरते म्हणे एक दिवस. वसंताने लॅमिंग्टन रोडवरून नवी आणली, जुनीच्या चौपट मोठी. बेत असा की नवी पुसून साफ करायची, तिच्यात कप्पे पाडायचे आणि फोटो तिकडे हलवायचे. नवी त्याने पहिल्या वायरीला लावली, जुनी दुसऱ्या, आणि डिस्क पुसायची सीडी घालून मशीन चालू केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या, एकेका डिस्कची एकेक. नवी पहिली, म्हणून वसंताने एकचा आकडा टाइप केला.

"वसंता, वरच्या ओळीला शून्य दिसतंय रे."

"शून्य म्हणजे काय नाय. साचे एकपासून मोजायचे की शून्यापासून?"

एकपासूनच. मलाही पटलं. पुसायचा हुकूमही त्याने साधा दिला नाही, कोपरान्‌कोपरा पुसणारा दिला. "अर्धवट काम आपल्याकडे नाय," म्हणाला. "हात काढा."

कुठली डिस्क केवढी, ते ओळींच्या शेवटी लिहिलेलं होतं. कुणी वाचायचं? तो बटण शोधत होता आणि मी हात वर धरून उभा.

दुपारभर मशीन घरघरत होतं. आम्ही पत्ते खेळलो, मी दोन डाव जिंकलो. काम संपल्यावर पुसलेली डिस्क केवढी त्याचा आकडा आला, तो लहान. वसंताने चष्मा सदऱ्याला पुसला आणि परत बघितलं. मशीनची मोजणी शून्यापासून सुरू होते. एक म्हणजे दुसरी. जुनी.

त्याने पत्ते गोळा करून डबीत भरले. शेवटी मीच म्हटलं, "सुन्याकडे असतील की फोटो. फोन कर."

"नाय."

"मी करतो."

"गप रव, मेल्या. मागूचा नाय." चिडला की तो मालवणीवर येतो. पण हे चिडणं नव्हतं.

मग खुर्चीत सरळ झाला. शून्य टाइप केलं, नवी डिस्क घेतली आणि तिचे दोन कप्पे पाडले, अगदी सारखे. एकाला स्वतःचं नाव दिलं. दुसऱ्याला कुणाचं दिलं ते मला वाचता येईना. इंग्रजी अक्षरं.

"सुनील," तोच म्हणाला.

"त्यात ठेवणार काय आता?"

तो कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू आवळत बसला होता. वर न बघता म्हणाला, "रिकामो रवांदे. उद्या तो इलो तर म्हणूक नको, बापाशीन जागा ठेवली नाय."