सर्वानुमते साखर शंभर

एका जंगलात, पोरांनो, चार इस्पितळं होती आणि प्रत्येक इस्पितळात रक्त तपासायची एक लॅब होती. आजारी प्राणी कमी पडले तरी चालतील, लॅब कमी पडता कामा नये, असं त्या जंगलाचं धोरणच होतं.

त्यातली एक लॅब साळूची. तिला सुईचा खर्च नव्हता. पाठीवरचा एक काटा उपटायचा नि टोचायचा. निम्मे रोगी काटा बघूनच बरे होऊन पळत. उरलेल्या निम्म्यांवर तिचं बिऱ्हाड चालायचं.

लॅबवाले खरं सांगतात की थापा मारतात, हे बघायला अस्वलसाहेब नेमलेले. दर पुनवेला ते एकाच रक्ताच्या चार बाटल्या भरून चौघांकडे धाडत. बाटलीवर नाव नाही. साखर किती ते कळवायचं. ज्याचा आकडा बाकीच्यांशी जुळणार नाही, तो चुकला. दोनदा चुकला की लॅबला कुलूप.

नियम साधा होता, म्हणून दुसऱ्या एका लॅबच्या कोल्ह्याला लगेच कळला. बाटल्या आल्या की तो कावळ्याला बाकीच्या लॅबांकडे पिटाळी.

"सांग सगळ्यांना, शंभर लिहा. शंभर कसा घरंदाज आकडा आहे. कुणाच्या डोळ्यात खुपत नाही."

मग बाटल्या न उघडताच केराच्या टोपलीत जात. गुणवत्ता टिकून राही.

एका पुनवेला मात्र कावळा वाटेत कुणाच्या तरी दहाव्याला बसला. भात संपेपर्यंत उठलाच नाही. साळूकडे जायचं राहून गेलं.

साळू दारात ताटकळली. शेवटी काय करते बिचारी, रक्त तपासावं लागलं. आकडा आला चारशे. तिने यंत्राला दोन चापट्या मारल्या, पुन्हा तपासलं. चारशेच. तेच कळवलं.

आता गंमत ऐका. ते रक्त होतं खुद्द सिंहमहाराजांचं. त्यांना हल्ली सारखी तहान लागे, पंज्यावरची जखम भरेना. राजा आजारी असल्याचा गवगवा नको, म्हणून अस्वलसाहेबांनी गुपचूप त्यांचंच रक्त बिननावाच्या बाटल्यांत भरलं होतं. तिघांनी शंभर सांगितल्यावर महाराज इतके खूश झाले, की त्यांनी बासुंदीचं पातेलंच मागवलं.

आणि साळूला अस्वलसाहेबांचं बोलावणं आलं.

"साळूबाई, तिघांचं शंभर, तुमचं चारशे. तिघंजण खोटं कशाला बोलतील?"

"साहेब, एकदा तुम्हीच तपासून बघा की."

"तपासायचं कशाला? मतमोजणी झाली ना. पुढच्या पुनवेला जुळलं नाही, तर चावी आणून द्यायची."

पुढची पुनव आली. साळूने घाबरून बाटली आल्या आल्या तपासली. सहाशे. तेवढ्यात कावळा पोचला.

"मावशी, शंभर."

"अरे, हे कुणाचं तरी रक्त आहे. औषध नाही मिळालं तर जीव जाईल त्याचा."

"बाटलीवर नाव आहे का?"

"नाही."

"मग बिननावाच्याला काय होतंय? नाव तुमच्या लॅबला आहे. बाहेर पाटी लावलीय."

साळूने बाटलीकडे पाहिलं. दाराबाहेरच्या पाटीकडे पाहिलं. मग नव्याण्णव लिहिलं. नेमकं शंभर लिहिलं तर संशय येईल, एवढी अक्कल तिला महिन्याभरात आली होती.

लॅब वाचली. अस्वलसाहेब स्वतः प्रशस्तिपत्र घेऊन आले. भिंतीत ठोकायला खिळा नव्हता, तर साळूने कौतुकाने स्वतःचा काटा काढून दिला.

चार दिवसांनी महाराज बासुंदीच्या पातेल्याशेजारीच आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

शोकसभेत अस्वलसाहेब डोळे पुसत म्हणाले, "महाराजांना काहीही झालेलं नव्हतं. चारही लॅबांचं यावर एकमत आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साळूने जरा जास्तच डोलावली. तिला या खेपेला पुढच्या रांगेत बसवलं होतं.

तात्पर्य: परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहू नये, त्याला कॉपी म्हणतात. सगळ्यांनी आधीच ठरवून एकच लिहावं, त्याला गुणवत्ता म्हणतात.