अस्वल किकवीला उतरलं

आमचे खोपडे सर सातवीच्या वर्गात पुस्तक वाचतात आणि त्या पुस्तकात एक अक्षर नसतं. नुसती चित्रं! तरी सर चष्मा पुसतात, बोटाला थुंकी लावून पान उलटतात आणि मध्येच अडतात. "हितं काय झालं? मला उमगंना. तुमी सांगा." की चाळीस पोरं एकदम बोलायला लागतात.

शेजारच्या वर्गात मी गणित शिकवतो. भिंत पातळ. माझी पोरं लसावि सोडून पलीकडच्या अस्वलाची काळजी वाहतात. चित्रातलं अस्वल गाडीतून उतरलं, पण कुठं? "भोरला कशाला उतरंल? पिशवी भरल्याली हाय. बाजार करून आपल्या किकवीला आलंय त्ये!" सर म्हणतात, "व्हय, पटलं." सगळ्यांना पटल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा त्यांचा कायदा. एका पानावर तर तीन दिवस मुक्काम होता.

गोंगाटाची तक्रार मीच केली. त्यात एक पालक पुस्तक घेऊन आले. "छपाई ऱ्हायलीया ह्यात. बदलून आना." मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं: ही पुस्तकं पहिलीला द्या, आणि घरी न्यायची तर अजिबात नाहीत. सर रोज एक न्यायचे. एरवी कशालाच हरकत न घेणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहराच उतरला. "घरी न्यायाचं तेवढं बंद करू नका," एवढंच म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर रजेवर आणि अस्वल त्यांच्याकडेच. ते आणायला मला भोंगवलीला धाडलं. पिशवी घेऊन गेलो.

अर्धांगवायूत सरांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, वाचा गेली, हे आम्हाला ठाऊक होतं. लिहिणं-वाचणंही गेलं, हे सरांनी कधी सांगितलं नव्हतं. पडवीत वहिनींच्या मांडीवर पुस्तक होतं आणि सर शेजारी चष्मा पुसत होते. "हितं काय झालं? मला उमगंना. तू सांग."

वहिनींनी अस्वलावर बोट ठेवलं. मग मान वर करून तेच बोट माझ्याकडे, माझ्या पोटाकडे आणि पिशवीकडे फिरवलं, आणि खुदखुदून हसल्या.

"व्हय, पटलं," सर म्हणाले. "अस्वल आलं. बसा, च्या घ्या."

चहा कसाबसा प्यालो आणि रिकाम्या पिशवीनं परतलो. मुख्याध्यापकांना म्हणालो, "पुस्तकं सातवीतच राहू द्या. गोंगाट मी सोसतो."

"आणि ते अस्वलाचं?"

"ते घरीच राहील. अजून पुढची पानं पटायची आहेत."