साळवेमामा आणि माझा वरचा आकडा

आमच्या भांडुपच्या सोसायटीतले साळवेमामा कॉलेजच्या पोरांना नावाने हाक मारत नाहीत, रक्तदाबाच्या वरच्या आकड्याने मारतात. "काय रे एकशेबावीस, पेपर कसा गेला?" मी एमएस्सीला गेले तेव्हा त्यांनी जिन्यातच गाठून माझ्या दंडाला पट्टा आवळला आणि त्या दिवसापासून मी एकशेअठ्ठेचाळीस झाले.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मामा बँकेतून निवृत्त झाले. पोरं शिकलीच पाहिजेत हा त्यांचा ध्यास आणि मीठ हा शत्रू. ताईच्या हळदीत त्यांनी माझ्या ताटातला पापड उचलून सरळ स्वतःच्या खिशात घातला. "डिग्री घ्यायचीय ना? मग दाब सांभाळ!" माझे वेफर्स, जागरणं, ती डब्यातली एनर्जी ड्रिंक्स, पप्पांचा बीपी, सगळ्याचा पंचनामा गेटवर, वॉचमनसमोर. असा राग यायचा!

पण मुलुंडच्या डॉक्टरांनीही वेगवेगळ्या दिवशी मोजून तेच सांगितलं, तेव्हा माझी टरकली. "खाणं, झोप, चालणं सुधार. नाही उतरलं तर गोळी सुरू करू."

एकविसाव्या वर्षी गोळी! आई तर रडायलाच बसली.

मग मामांनी मला जवळजवळ दत्तकच घेतलं. सकाळी चालायला न्यायचे. दर रविवारी त्यांच्या घरी मोजणी आणि जेवायला भाकरी, अळणी भाजी. ती घशाखाली उतरावी म्हणून सोबत गावाकडून आलेल्या सुकटीची भरपूर चटणी. आकडा ढिम्म हलेना. शेवटी डॉक्टरांनी मामांसमोरच काय काय खातेस ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, सुकट समुद्राचं मीठ अंगात घेऊनच वाळते!"

"म्हणजे... मीच वाढवत होतो?" मामांचा चेहरा बघवेना. घरी येताच त्यांनी सुकटीची बरणी वॉचमनला देऊन टाकली. पाच मिनिटांत परत मागून आणली, त्याचाही दाब मोजायचा राहिला होता म्हणून.

परवा डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, "एकशेअठरा. गोळीची गरज नाही. आता दर आठवड्याला मोजत बसू नका." मी क्लिनिकमध्येच "झकास!" म्हणून ओरडले. छातीवरचा धोंडाच उतरला. मामांनी तर डॉक्टरांना तो आकडा पुन्हा एकदा म्हणायला लावला.

परतताना रिक्षात मामांनी डॉक्टरांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. भांडुप आल्यावर म्हणाले, "सुटलीस गं बाई. बरं झालं. आता रविवारी यायचं काही कारण नाही."

मी लगेच म्हणाले, "असं कसं मामा? मी येणार. नाहीतर माझ्या वाटची भाकरी कोण खाणार?"

"उरते ना ती," मामा बाहेर बघत म्हणाले. "एकट्यापुरतं पीठ मळायला मला अजून जमत नाही."