ज्याच्या हातून गाडी बिघडेल

योगिनीने गाडीची किल्ली मागितली तेव्हा भगवानरावांनी ती लगेच दिली नाही. आधी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि मग सुनेला अट सांगितली.

"पाह्य सूनबाई, गाडी ने. रोज बुलढाण्याले शाळेत जा, रोज ये. पण ज्याच्या हातानं गाडी बिघडंन, त्यानं मंग एसटीनंच फिरायचं. थो कोणीबी असो!"

"कोणीबी असो" म्हणताना ते फक्त सुनेकडे पाहत होते, हे वेगळं सांगायला नको.

गाडी तशी गणेशची, म्हणजे योगिनीच्या नवऱ्याची. जुनीच, पण डिझेलची, टर्बोवाली. तो नोकरीला जालन्यात, आणि गाडी धामणगाव बढ्याला, घरच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली. इकडे योगिनीची शाळा बुलढाण्याला. दोन एसट्या बदलून पोहोचेपर्यंत पहिला तास अर्धा उलटायचा आणि मुख्याध्यापिका घड्याळाकडे बघून नुसत्या हसायच्या. ते हसणं फार वाईट! त्यामुळे ही किल्ली म्हणजे योगिनीला नोकरीच वाटत होती.

सहा आठवडे सगळं झकास चाललं. योगिनी राजूरचा घाट रोज चढायची, उतरायची. भगवानराव मात्र एकदाही तिच्या शेजारी बसले नाहीत. कधी त्यांची कंबर दुखायची, कधी नेमकं ओलिताला जायचं असायचं. तरी गाडीचं कौतुक होतंच. दर शनिवारी सकाळी ते मारुतीला तेल घालून यायचे, गाडीचं बॉनेट उघडायचे आणि आत काहीतरी करून हात जोडायचे. योगिनीला वाटायचं, म्हातारा माणूस, करतो बिचारा पूजा.

आणि एका मंगळवारी घाटात गाडीने मान टाकली. पाय दाबावा तर ओढ नाही, मागे निळसर धूर. योगिनीने गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं तर एका जाड नळीच्या जोडावर तेल चमकत होतं. कशीबशी शाळा गाठली. संध्याकाळी हळूहळू गाडी घरी आणली आणि सगळं खरं सांगून टाकलं.

"घाटात गेअर चुकला असंन," भगवानराव म्हणाले. "आपलं तं ठरलं होतं, सूनबाई."

"हो मामाजी," योगिनी म्हणाली. रात्री तिने एसटीचा जुना पास शोधून पर्समध्ये टाकला. रडू येत होतं, पण रडली नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती गाडी मोताळ्याला प्रेमानंद मिस्त्रीकडे घेऊन गेली. भगवानरावही आले, पण शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून, मागे मागे. शेजारी त्यांना उतरवून आपल्या कामाला निघून गेला.

प्रेमानंदने इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोपासून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारी नळी काढली आणि खाली वाकवली. भळभळ तेल आलं! चहाचा कप भरला असता.

"गेला टर्बो!" भगवानरावांनी कपाळावर हात मारला. "बाप्पा बाप्पा! म्या म्हणलंच होतं!"

"थांबा न काका." प्रेमानंदने टर्बोचा पंखा बोटाने हलवून पाहिला. "टर्बो ठणठणीत हाय. नळीत थोडाफार ओलावा असतेच, पण इतकं तेल?" मग त्याने तेल मोजायची काडी ओढली आणि तोंड वासलं. "आयला! हे तं वरच्या खुणेच्याबी लय वर हाय. तेल कोण टाकते?"

"मी तर कधी झाकणपण उघडलं नाही," योगिनी म्हणाली.

भगवानराव अचानक टायर निरखू लागले.

"काका?"

"शनिवारी मारुतीले घालतो, मंग येऊन हिलेबी टाकतो. पेलाभर. ट्रॅक्टरच्या डब्यातलं."

"काडी पाहून?"

"काडी कायले? मारुतीले तेल घालताना कोणी काडी बुडवून पाह्यते काय बे? आमचा जुना ट्रॅक्टर तं दर हप्त्याले तेल प्यायचा."

"थो पेत होता, हे नाही पेत! जास्त झालं का इंजिनात घुसळते अन् वाफेसंगं नळीत ओकते." प्रेमानंदने जादाचं तेल काढून मोजलं. दोन लिटर! "सहा शनिवारचं लिटरभर झालं. बाकीचं कोणाचं?"

योगिनीने सासूबाईंना, अन्नपूर्णाबाईंना फोन लावला.

"हाव, म्या टाकते न सोमवारी!" अन्नपूर्णाबाईंचा आवाज अख्ख्या गॅरेजने ऐकला. "ह्याइले इसरायची सवय. लेकरू घाटातून एकटं जाते, म्हणलं तेल कमी नोको पडाले."

"म्याबी त्याच्यासाठीच टाकत होतो," भगवानराव टायरकडे बघत पुटपुटले.

योगिनीला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले. सहा आठवडे आपल्यावर कुणाचा भरवसा नाही असं ती समजत होती, आणि इथे सासूसासऱ्यांची काळजी इंटरकूलरपर्यंत पोहोचली होती.

संध्याकाळपर्यंत नळ्या, इंटरकूलर धुऊन झाले. नवं तेल पडलं, तेही काडी पाहून. योगिनीने दार उघडलं. "चला मामाजी."

"मी एसटीनं येतो."

"अहो, राहू द्या ना ते!"

"कोणीबी असो म्हणलो होतो म्या. शब्द म्हंजे शब्द." आणि उपरणं झटकून ते खरोखरच स्टँडकडे चालू लागले.

एसटी खचाखच भरलेली. भगवानराव एका हातात दांडी आणि दुसऱ्यात कुणाचं तरी कोंबडं धरून धामणगावपर्यंत उभे आले. फाट्यावर उतरले तर समोर गाडी, आणि गाडीला टेकून योगिनी.

"अट एसटीची होती मामाजी. एसटी तर इथंच थांबली. घर अजून किलोमीटरभर आहे."

भगवानरावांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. मग पुढचं दार उघडून सुनेच्या शेजारी बसले, पहिल्यांदाच. योगिनीने गाडी घराकडे वळवली.

"काडी पाह्यली न?"

"पाहिली, मामाजी."

"मंग घराकडं कायले वळवून राह्यली?" भगवानराव सीटवर ऐसपैस रेलले. "एक चक्कर रोहिणखेडपावतर मार."