बांधीतला इंग्रजीचा तास

धर्मेंद्र सरांच्या घरात आठवडाभर फेकाफेक चालली होती. उशी, चेंडू, कांदे, एकदा तर वरणाचा डाव. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. सानगडीच्या एका खासगी शाळेत सर इंग्रजी शिकवत, तेही तासिकेवर. गुरुवारी संस्थेचे सचिव भय्याजी त्यांचा तास पाहायला येणार होते. तास आवडला तर नोकरी कायम, नाही आवडला तर फाडफाड इंग्रजी बोलणारा साकोलीचा एक तरुण दारात उभाच होता.

सरांनी तासासाठी दोनच शब्द निवडले, थ्रो आणि स्टार्ट. सोपे म्हणून निवडले आणि तिथंच फसले. थ्रो म्हणजे फेकणे, इथवर ठीक. पण पार्टी दिली तरी थ्रो, ओकारी झाली तरी थ्रो, पोरानं थयथयाट केला तरी थ्रो आणि कशावर उजेड पाडला तरी थ्रोच! स्टार्टचं तर विचारूच नका. गाडी स्टार्ट होते, दुकान स्टार्ट होतं, गावाला निघालेला माणूस स्टार्ट होतो आणि मागून कोणी ‘भॉ’ केलं की दचकतो, तेही स्टार्ट.

“इंग्रजाइपाशी शब्द कमी होते काय जी?” त्यांची बायको दीपमाला म्हणाली. “एका शब्दावर सारा संसार चालवून राहिले!”

“म्हणून तं करून दाखवाचं. करून दाखवलं का पोट्ट्याइच्या डोक्यात बसते,” असं म्हणून सरांनी उशी फेकली. ती ताकाच्या पातेल्यात पडली.

सत्यभामाबाई, म्हणजे सरांची आई, चुलीपाशी बसून हे सगळं पाहत होत्या. “धर्मेंद्र, तुही फेकाफेक बाहीर ने बाप्पा. मले रोवण्याच्या बाया सांगाच्या हायेत.”

“माय, तो रोवणा लवकर उरकून टाक. घरात हा गोंधळ, अन् माहा जीव तिकडे टांगला हाय.”

मायनं पोराचं बोलणं मनावर घेतलं. एरवी त्या दोन बांध्यांत, म्हणजे खाचरांत, भाताची रोपं लावायला चार बाया पुरल्या असत्या. सत्यभामाबाईंनी अख्खा मोहल्ला कामाला सांगून ठेवला. नेमकं नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी बुधवारी संध्याकाळी सुटलं, तेव्हा गुरुवारी सकाळीच सगळ्या बाया बांधीत उतरल्या.

इकडे सर इस्त्रीचा शर्ट घालून, तक्ता काखेत मारून वर्गात शिरले, तर समोर तीन पोरं.

“बाकीचे कुठी गेले?”

“रोवण्याले गेले, सर,” एक पोरगा म्हणाला.

“कोणाच्या?”

“तुमच्याच.”

भय्याजी यायला अवकाश होता, पण फार नाही. सरांनी शेतावर जातोय असं चपराशाला सांगून ठेवलं, तीन पोरं सोबत घेतली आणि मोटारसायकलला किक मारली. स्टार्टचा पहिलाच अर्थ रुसून बसला. मग काय, वरात पायीच निघाली. बरं, शेत शाळेच्या मागंच होतं.

“माय, माहा वर्ग तुह्या बांधीत हाय!” सर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ओरडले.

“मंग? आपल्या मायाइच्या मांगं आले लेकरं. घेऊन जा तुले पायजे तं.”

पोरं कशाला येतात? एवढ्या बाया लागल्यावर रोवणा त्याच दिवशी संपणार होता. आणि शेवटची पेंढी रोवून झाली की बाया चिखल फेकतात. मालकाला तर सोडत नाहीतच, पण धुऱ्यावर जो कोणी कोरड्या कपड्यांत सापडेल त्यालाही माखतात आणि खाऊ कबूल केल्याशिवाय हलू देत नाहीत. अशी मजा सोडून तक्ता बघायला कोण जाईल! रोवायला आलेल्या धुरपताबाईंची नात खुशबू वर्गातली हुशार पोरगी, पण तीसुद्धा गुडघाभर चिखलात उभी राहून नुसती हसत होती.

सर क्षणभर डोक्याला हात लावून बसले. मग त्यांनी तक्ता धुऱ्यावर उभा केला, पँट वर खोचली आणि म्हणाले, “चला, इथंच तास!”

आणि काय सांगावं, तास रंगला! पोरं धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन ओळीनं उभी राहिली. सर म्हणत, “थ्रो!” की पेंढ्या बायांच्या हाताशी येऊन पडत. “थ्रो अवे!” की पेंढीतलं गवत धुऱ्यापलीकडे. “स्टार्ट!” की बाया हसत पुढच्या ओळीला लागत. ‘थ्रो अ पार्टी’ म्हणजे काय, हे विचारल्यावर सगळ्या वर्गानं सत्यभामाबाईंकडे बोट दाखवलं. एक ‘दचकणे’ तेवढं काही केल्या कोणाला कळेना. सरांनी दोनदा दचकून दाखवलं. पोरांना वाटलं, सरांना काहीतरी चावलं.

एवढ्यात भय्याजी आले. पांढराशुभ्र झब्बा, पांढरा पायजमा. चपराशानं त्यांना थेट धुऱ्यावर आणून सोडलं.

“चालू द्या, सर,” भय्याजी गंभीरपणे म्हणाले.

सरांनी बांधीकडे पाहिलं. तास इतका झकास चालला होता, पेंढ्या इतक्या भराभर पडल्या होत्या, की रोवणा आटोपतच आला होता. कोपऱ्यात हातभर जागा उरली होती.

“माय, हळू!” सर वाकून कुजबुजले.

“काहून? लवकर उरकून टाक म्हणे तं!”

“धुऱ्यावर भय्याजी हायेत. माही नोकरी हाय त्याइच्या हाती!”

“दिसून राहिले ना मले. आंधळी हावो काय मी?” असं म्हणून मायनं शेवटची रोपं रोवली आणि ओंजळभर चिखल उचलला.

सर तक्ता आडवा धरून भय्याजींपुढे उभे राहिले. चिखल तक्त्यावरून गेला आणि झब्ब्याच्या मधोमध बसला. भय्याजी हातभर उडाले.

“सर, ही स्टार्टेड!” खुशबू आनंदानं इंग्रजीत ओरडली. दचकणे एकदाचं कळलं होतं.

पण हसलं कोणीच नाही. सरांच्या डोळ्यांपुढे साकोलीचा तरुण फाडफाड बोलत वर्गात शिरला.

भय्याजींनी झब्ब्याकडे पाहिलं. मग खाली वाकले, मूठभर चिखल घेतला आणि सरांच्या इस्त्रीच्या शर्टावर मारला.

“बरोबर हाय ना सर, थ्रो?”

मग जो हशा उठला, तो शाळेपर्यंत ऐकू गेला असेल. धुरपताबाईंनी दोन्ही हातांनी चिखल मारायला सुरुवात केली. भय्याजी ओरडले, “खाऊ कबूल! जिलेबी कबूल! सोडा जी आता!” आणि तिथंच धुऱ्यावर बसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले होते.

“काकी,” ते सत्यभामाबाईंना म्हणाले, “सचिव झालो तवापासून मले लोक हारच घालतात. रोवण्याच्या बाया गाडी पाहून पदर सावरतात, नमस्कार करतात. चिखल कोणीच मारत नाही. परका झालो म्हणलं मी गावाले. लय उपकार झाले तुमचे.”

“उपकार कायचे, बापू? रोवणा संपते तवा धुऱ्यावर उभा राहते तो घरचाच.”

सर अजूनही तक्ता धरून उभे होते. “भय्याजी, तासाचं काय? पुन्हा घेऊ काय शाळेत?”

“पुन्हा कायले? सारं पाह्यलो ना मी. उद्या ऑफिसात या, कायमचा कागद घेऊन जा. अंघोळ करून या पण.”

सरांनी मायच्या हातावरचा चिखल आपल्या हातांनी पुसला आणि पुसतच राहिले. “सोड आता, पोट्टे पाहून राहिले,” माय म्हणाली, पण हात काही काढून घेतला नाही.

जिलेबी आली, संपली. भय्याजी चपला हातात घेऊन गाडीशी गेले. ड्रायव्हर घाबरून सीटवर कागद अंथरू लागला.

“साहेब, वाटेत नहर हाय. झब्बा धुऊन घ्या जरासा.”

“हात नको लावू,” भय्याजी म्हणाले. “घरी दाखवाचा हाय.”